जंतनाशकाच्या जोडीला खुराकही हवा

पावसाळ्यात कळपातील काही मेंढ्या चालताना मागे पडू लागतात, त्यांच्या जबड्याखाली सूज दिसते. मग सगळ्या कळपाला जंतनाशक पाजले जाते आणि उपचार पूर्ण झाला असे मानले जाते. वास्तविक तो निम्माच झालेला असतो. औषध जंत मारते. गेलेले रक्त भरून देत नाही.

मेंढीच्या चौथ्या जठरातील हिमोंकस हा गोलकृमी दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त शोषतो. असे 1,000 कृमी असल्यास रोज 50 मिलिलिटर रक्त जाते. 30 किलो वजनाच्या मेंढीच्या अंगात एकूण रक्त जेमतेम 2 लिटर असते. रक्तासोबत प्रथिने आणि लोहही जाते. जबड्याखालील सूज ही प्रथिने घटल्याचीच खूण होय.

ही झीज भरून निघते ती आहारातून. पुरेशी प्रथिने मिळालेली मेंढी रक्त लवकर तयार करते आणि जंतांचा प्रतिकारही अधिक चांगला करते. विण्याच्या आगेमागे ही प्रतिकारशक्ती मंदावते, लेंड्यांतून जंतांची अंडी अधिक पडतात आणि कुरण दूषित होते. म्हणून गाभणकाळाच्या अखेरच्या महिन्यात भुईमूग किंवा सरकी पेंडयुक्त खुराक रोज 200 ग्रॅमच्या आसपास देणे हा रोगनियंत्रणाचाच भाग मानला पाहिजे.

भटकंती करणाऱ्या मेंढपाळाला पेंड परवडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु सगळ्या कळपाला वारंवार औषध पाजणेही स्वस्त नाही. त्यातून औषधाला दाद न देणारे जंत वाढतात. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या फमाचा पद्धतीत पापणीच्या आतील रंग तक्त्याशी ताडून फिकट पापणीच्या मेंढ्यांनाच औषध दिले जाते. औषधावरील वाचलेला पैसा अशक्त व गाभण मेंढ्या आणि कोकरे यांच्या खुराकाकडे वळवता येतो. शेवरीसारखा द्विदल पालाही प्रथिनांची गरज काही अंशी भागवतो.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. रक्तनिर्मितीला तांबे लागते, तरी अधिक तांबे मेंढीला विषारी ठरते. गाईम्हशींचे खनिज मिश्रण मेंढ्यांना देऊ नये. पांढरीफटक पापणी असलेली मेंढी पशुवैद्यकाला दाखवावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी जंतनाशनाच्या नोंदवहीत औषधाच्या मात्रेशेजारी पापणीचा रंग आणि खुराक हे दोन रकाने वाढवावेत. किती मेंढ्यांना औषध पाजले, यापेक्षा किती मेंढ्यांची पापणी पुन्हा लाल झाली, हेच यशाचे खरे माप आहे.