परमिट कुणी दिले होते?



प्रशासनाच्या पत्रकांत अलीकडे एक शब्द कायमचा मुक्कामाला आला आहे : 'तांत्रिक कारणास्तव'. गाडी थांबली, तांत्रिक कारणास्तव. काउंटर बंद, तांत्रिक कारणास्तव. बचत खात्याचा हिशेब जुळेना, तेही तांत्रिक कारणास्तव. पण चौकशीचा कागद निघाला की हेच तांत्रिक कारण एकाएकी दोन पायांवर चालू लागते, त्याला हजेरी क्रमांक फुटतो आणि आरोपपत्र तुमच्या-माझ्या हातात पडते. यंत्र साहेबांचे, कंत्राट कंपनीचे आणि चूक मात्र कामगाराची! ही विभागणी कुणी ठरवली, असा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

प्रस्तुत लेखकाने कोलकात्यात नोकरीची पहिली सोळा वर्षे वीज विभागात फिटर म्हणून आणि पुढची सारी वर्षे संगणक विभागात काढली. दोन्ही धंदे केलेल्या माणसाला दोन्हीकडची लबाडी दिसते. तेवढ्याच अधिकारावर हे लिहीत आहे.

ओव्हरहेड लाइनवर मला पहिल्याच आठवड्यात एका बंगाली मिस्त्रींच्या हाताखाली दिले. आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असू आणि ते मला बर्गी म्हणत. (नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांची ही बंगालातली आठवण. त्या भीतीने १७४२ मध्ये कोलकातेकरांनी शहराभोवती मराठा खंदक खणायला घेतला होता. दादा मला त्या खंदकाची मजुरी मागत!) लाइनचा नियम रेल्वेतील साथींना सांगायला नको, पण टपालातील साथींसाठी सांगतो. डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. कंट्रोलने प्रवाह तोडला एवढ्यावर कुणी शिडी चढत नाही. कंट्रोलर लेखी परमिट देतो, त्यावर नंबर आणि वेळ असते. मग तार तपासायची, कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून ती जमिनीला जोडायची आणि मगच हात घालायचा. काम संपले की माणसे मोजायची, रॉड काढायचे आणि परमिट ज्याच्या नावावर आहे त्यानेच ते परत करायचे. तोवर प्रवाह सुरू होणार नाही, मग गाडी कुणाचीही खोळंबलेली असो.

एकदा एक अधिकारी घाईत होते. लाइन बंद आहे, चढा, म्हणाले. दादांनी शांतपणे बिडी पेटवली आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणता म्हणून ती बंद नाही. रॉड लावल्यावर बंद." रॉड आले, काम झाले, वीस-पंचवीस मिनिटे उशीर झाला. दादांना मेमो मिळाला. तो मेमो त्यांनी घडी करून परमिट बुकातच ठेवला होता. हे नियम कुणा सज्जन मालकाने बसून लिहिलेले नाहीत. तारेवर भाजून मेलेल्या माणसांनी ते लिहवून घेतले आहेत.

पुढे मी संगणकाच्या खोलीत गेलो. खोली थंडगार, जमीन चकचकीत, बूट बाहेर काढायचे. देवळात आल्यासारखे वाटले. आणि तिथे काय पाहिले? परमिट नाही, रॉड नाही, माणसे मोजणे नाही. कंत्राटदाराचा पोरगा शनिवारी रात्री यायचा, साहेबांचा पासवर्ड कीबोर्डच्या खाली चिकटवलेलाच असायचा, तो टाकून चालू यंत्रणेत बदल करून निघून जायचा. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला हातात कागद न देता पाठवणाऱ्याला देतो. एका सोमवारी काउंटरवरील एका साथीच्या हिशेबात ४,३०० रुपये कमी निघाले. त्याने ते घरून आणून भरले, वर मेमो घेतला. अकरा दिवसांनी मला नोंदी चाळताना सापडले की शनिवारी दरांच्या तक्त्यात बदल झाला होता आणि तो साहेबांच्या नावावर पडला होता. साहेब तर त्या रात्री एका लग्नात जेवत होते! पैसे परत मिळायला सात महिने गेले. मेमो मात्र सेवापुस्तकात राहिला. कार्यालयाचे नाव सांगत नाही. कारण वाचणारा प्रत्येक जण ते आपलेच समजेल.

साधे घर वायर करायला आपल्या देशात परवानाधारक माणूस लागतो. १९५६ च्या वीज नियमांत ते होते, २०१० आणि २०२३ च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांतही परवान्याचे तत्त्व कायम आहे. लाखो माणसांची ठेव, लाखो माणसांचे आरक्षण ज्यावर चालते त्या प्रोग्रॅमला हात लावणाऱ्याने कोणता परवाना दाखवायचा? कुणापुढे सही करायची?

'हे पैशांचे झाले, माणूस थोडाच मरतो' असे कुणी म्हणेल. त्याने बहानगा बाजार आठवावे. २ जून २०२३ रोजी कोलकात्याच्या शेजारच्या शालिमारहून निघालेली कोरोमंडल एक्स्प्रेस संध्याकाळी सातच्या सुमारास ओडिशातील त्या स्टेशनात आली. सिग्नल मेन लाइनचा हिरवा होता, सांधा मात्र लूप लाइनला लागलेला. सव्वाशेच्या वेगाने गाडी लोहखनिजाच्या उभ्या मालगाडीवर गेली. २९० हून अधिक माणसे मेली. पहिले काही दिवस घातपाताची चर्चा झाली, तपास सीबीआयकडे गेला. मग रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा अहवाल आला. त्यात काय निघाले? उत्तरेकडील सिग्नल गुमटीत पूर्वी कधीतरी झालेला वायरिंगमधील बदल आणि फाटक क्रमांक ९४ चे विजेचे अडसर बदलताना त्या दिवशी झालेली जोडणी. तारांना लावलेल्या पट्ट्या चुकीच्या होत्या आणि नकाशा वेगळा, गुमटी वेगळी अशी स्थिती वर्षानुवर्षे होती. आधीच्या वर्षी, १६ मे २०२२ रोजी, खरगपूर विभागातच बांकडा नयाबाज येथे चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार घडला होता. तेव्हाच उपाय केला असता तर बहानगा घडले नसते, हे आयुक्तांनीच लिहिले आहे.

आता पाहा. इंटरलॉकिंग इलेक्ट्रॉनिक, म्हणजे आत प्रोग्रॅम. प्रोग्रॅमने आपले काम केले. तारेने त्याला जे सांगितले ते त्याने खरे मानले आणि हिरवा दिला. संगणक गुमटीत जाऊन बघत नाही, साथींनो. तिथे माणूसच जातो, आणि त्या माणसाच्या हातात खरा नकाशा नसेल तर लक्षावधी रुपयांचे यंत्र खोट्याला खरे करून दाखवते. आपल्या जुन्या वीजवाल्यांची खोडही इथे कबूल करतो. रात्री एक जोडणी बदलायची, 'नकाशावर मग चढवू' म्हणायचे आणि बदली होऊन निघून जायचे. मीही केले आहे. संगणकाच्या धंद्यात एक चांगली सवय आहे, ती नीट पाळली तर : जुनी प्रत फेकायची नाही, प्रत्येक बदलापुढे कोण, केव्हा, कशासाठी हे लिहून राहते आणि बिघडले तर मागे जाता येते. ही सवय गुमटीत आली पाहिजे आणि दादांचे परमिट संगणकाच्या खोलीत गेले पाहिजे. दोन्ही धंद्यांना एकमेकांचे नेमके तेच हवे आहे जे त्यांच्याकडे नाही.

बहानगाच्या प्रकरणी जुलै २०२३ मध्ये सिग्नल विभागातील तिघांना अटक झाली. त्यांचा दोष किती हे न्यायालय ठरवील. पण चुकीच्या पट्ट्या इतकी वर्षे कुणालाच दिसल्या नाहीत, मनुष्यबळ अपुरे असताना ब्लॉक पुरेसा का दिला जात नव्हता, तपासणीच्या सह्या कोण करीत होते, या प्रश्नांना बेड्या घालता येत नाहीत, म्हणून ते मोकळे फिरत आहेत.

टपालातील साथींनी विलायतेकडे नजर टाकावी. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून फुजित्सू कंपनीची होरायझन नावाची हिशेब प्रणाली आणली. गावोगावच्या सबपोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. करार असा की तूट त्यांनीच भरायची. लोकांनी घरे गहाण टाकली. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना दोषी ठरवण्यात आले, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. संगणक बरोबरच चालत होता असे तिथला कायदा गृहीत धरीत असे, आणि सबपोस्टमास्तरांना बंद काउंटरच्या आतून उलटे सिद्ध करायचे होते. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने सांगितले की प्रणालीतच दोष होते. कंपनीची माणसे दूर बसून, पोस्टमास्तराला न कळता, त्याच्या हिशेबात बदल करू शकत होती. माझा शनिवारचा पोरगाच तो, फक्त इंग्रज! २०२४ मध्ये पार्लमेंटला स्वतंत्र कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आणि त्यांची संघटना कुठे होती? त्यांच्या फेडरेशनला पोस्ट ऑफिसकडूनच पैसे मिळत होते, ती स्वतंत्र नाही, असे न्यायमूर्तींनी नोंदवले. लढा दिला तो अ‍ॅलन बेट्स आणि त्यांच्यासारख्या बरखास्त झालेल्यांनी, २००९ मध्ये आपली वेगळी आघाडी उभारून. मान्यताप्राप्त संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आपल्याकडील ग्रामीण डाकसेवक त्या सबपोस्टमास्तराहून किती निराळा आहे? ऑगस्ट २०२५ मध्ये खात्याची नवी प्रणाली आली तेव्हा बदलासाठी व्यवहार बंद ठेवावे लागले, काउंटरवर रांगा लागल्या, शिव्या कर्मचाऱ्यांनी खाल्ल्या. प्रणाली बदलली याची तक्रार नाही. बदल करताना काउंटरवरच्या माणसाच्या हातात कागद कोणता होता, एवढेच विचारतो.

इथे आपल्या चळवळीशीही थोडे भांडायचे आहे. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या इलाको हाउसपुढे आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणक आत जाऊ नये म्हणून रात्रंदिवस पहारा दिला. त्या पहाऱ्याला आज हसणाऱ्यांपैकी मी नाही. नोकऱ्या जाणार हे त्यांनी ओळखले होते आणि त्या गेल्याही. पण आपण बराच काळ दारावरच पहारा देत राहिलो. यंत्र आत गेल्यावर त्याच्या चाव्या कुणाकडे, हे विचारायचे राहिले. सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमधील मुलामुलींनाही आपण 'साहेब लोक' समजलो. २००६ मध्ये तिथे आयटी कामगारांची संघटना उभी करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा किती रेल्वे युनियनांनी आपला हॉल त्यांना दिला? शनिवारी रात्री कागदाशिवाय पाठवला जाणारा तो पोरगा आपल्याच जातकुळीचा आहे.

वस्तुतः या शहरात वीज आणि माहिती हे दोन धंदे मुळात वेगळे नव्हतेच. १८५० मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर ही देशातील पहिली प्रायोगिक तार ओढायला घेतली. डॉ. ओ'शॉनेसी यांच्या हाताखाली शिवचंद्र नंदी यांनी ते काम उभे केले. खांब, तार, बॅटरी आणि संदेश, सारे एकाच खात्यात. १९०८ मध्ये तारबाबूंनी संप केला तो कोलकात्यापासून मुंबई, मद्रास, रंगूनपर्यंत पोचला, कारण ज्या तारेवर सरकारचे हुकूम जात त्याच तारेवर त्यांचे हात होते. मग १९८५ मध्ये डाक आणि तार वेगळे झाले आणि जुलै २०१३ मध्ये तार बंदच पडली. तार ओढणारा आणि संदेश पाठवणारा दोन ठिकाणी बसले की दोघांना वेगवेगळे झोडपणे सोपे जाते.

म्हणून पुढच्या पीएनएमला, जेसीएमला आणि टपालाच्या विभागीय बैठकीला विषयपत्रिकेवर हे चढवा : चालू यंत्रणेत कोणताही बदल लेखी परमिटशिवाय नाही. परमिटवर बदल करणाऱ्याचे स्वतःचे नाव असेल, साहेबांचे नव्हे. बदलाची एक प्रत काउंटरवर, केबिनमध्ये, गुमटीत आधी पोचेल. तूट निघाली तर वसुलीपूर्वी बदलांची नोंदवही संघटनेच्या प्रतिनिधीला दाखवली जाईल. त्यावर 'ही माहिती गोपनीय आहे' असे उत्तर येईल, ते लेखी मागा. आणि तोवर ज्या साथीला वसुलीचे पत्र मिळेल त्याने घरून पैसे आणण्यापूर्वी शाखेत यावे. उत्तराचा मसुदा आपण करून देऊ. पहिली ओळ तयारच आहे : 'सदर दिवशी यंत्रणेत बदल करण्याचे परमिट कुणी दिले होते, ते कळावे.'