भीती उन्हाची की रंगाची?

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी एक वाक्य ठरलेले. "अगं, जोराने चोळ, उन्हाळाभराचे काळे निघू दे!" वाक्य काकूंचे, आणि उटण्याखाली कळवळणारी माझी दहा वर्षांची पुतणी. तिचा भाऊ सारा मे महिना क्रिकेटात होरपळतो. त्याला मात्र नुसते "डोळे मीट रे" एवढेच!

मी शाळामास्तर. आठवीपासून मैदानावरच्या मुली कमी कमी होत जातात, हे दरवर्षी पाहतो. "उन्हात उभी करू नका, काळवंडते," अशी चिठ्ठी मुलीच येऊन देतात. मुलाची अशी चिठ्ठी मला आजवर आलेली नाही. ऊन निरुपद्रवी आहे असे माझे म्हणणे नाही. भर दुपारचे अतिनील किरण कातडी भाजतात, वांग गडद करतात, अकाली सुरकुत्या पाडतात. पण किरणांना मुलगा-मुलगी कळते काय? मग जपणूक एकटीचीच का? कारण उघड आहे, मंडळी. आपल्याला काळजी त्वचेची नाही, सोयरिकीची आहे!

'फेअर अँड लव्हली'ने २०२० साली नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. आपल्या मनातला कोणी काढला?

गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी तोंडाला ओढणी गुंडाळून वर्गात बसू लागली. कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेले मलम तिने सहा महिने फासले होते. त्यात स्टिरॉइड. आधी चेहरा उजळला, घरचे खूश झाले. मग कातडी पातळ पडली, लाली आली, पुरळ उठले. मलम सोडावे तर आणखी भडका! अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असे केंद्र सरकारने २०१८ सालीच ठरवले. दुकानदाराला ते वाचायला सवड नसावी. उन्हाला भिऊन लावलेल्या मलमाने पोरीला कोवळे ऊनही सोसेनासे झाले.

आणि खरे ऊन खाते कोण? कापूस वेचणारी बाई लुगड्यावर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवते, डोक्याला फडके बांधते. आपण तिला हसतो. त्वचेचे डॉक्टर तरी याहून वेगळे काय सांगतात? सावली, अंगभर कपडे, रुंद कडेची टोपी. उघड्या भागाला सनस्क्रीन, तेही दर दोन तासांनी. गोरे होण्याचा यात कुठे संबंध आला?

पुतणीसाठी मी रुंद कडेची टोपी आणि एक बॅट आणून ठेवली आहे. काकूंना अजून सांगितलेले नाही.