आधी कचरा ओळखा, मग भट्टी पेटवा

प्लास्टिकच्या कचऱ्यापासून तेल काढावे आणि त्या तेलातून पुन्हा नवे प्लास्टिक घडवावे, ही कल्पना मोठी मोहक आहे. चक्राकार अर्थव्यवस्थेच्या चर्चेत ‘रासायनिक पुनर्चक्रण’ या भारदस्त नावाने ती वारंवार पुढे येते. तिचा उपहास करण्याचे कारण नाही. जामनगरच्या रिलायन्स संकुलाने अशा तेलापासून प्लास्टिक तयार केल्याचे २०२४ च्या प्रारंभी जाहीर केले. परंतु भट्टीत काय जाणार, याचा विचार भट्टी उभारण्याआधी व्हावयास हवा.

मुलुंडचे उदाहरण घ्या. १९६७ पासून २०१८ पर्यंत तेथील क्षेपणभूमीवर कचरा पडत राहिला आणि ती बंद झाली तेव्हा सुमारे ७० लाख टनांचा ढीग साचला होता. अशा ढिगातून उपसलेल्या, माती आणि कुजलेल्या अन्नाच्या रसाने माखलेल्या प्लास्टिकला सिमेंटच्या भट्टीत इंधन होण्यापलीकडे सहसा गती उरत नाही. घरातून निघाले तेव्हा त्यातील पुष्कळसे कोरडे असणार!

रसायनशास्त्र या बाबतीत निष्ठुर आहे. दुधाची पिशवी पॉलिथिलीनची. हवेवाचून तापविली तर तेल देते. औषधी गोळ्यांचे पारदर्शक पाकीट बहुधा पीव्हीसीचे. त्यातून सुटणारा हायड्रोजन क्लोराइड यंत्राचे लोखंड खातो व तेलही नासवितो. पाण्याच्या बाटलीचे ‘पेट’ त्याच भट्टीत टाकले, तर नळ्या तुंबविणारी घन आम्ले हाती येतात. म्हणून नुसते टन मोजणे म्हणजे मूल्यमापन नव्हे. कोणत्या प्रकारचे प्लास्टिक किती, क्लोरीन किती, पावसाळ्यात ओल किती वाढते, याचा विभागवार हिशेब हवा. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील कचरा आणि बोरिवलीच्या गृहनिर्माण संस्थांतील कचरा एक नव्हे.

हे ज्ञान कोणाजवळच नाही असे मात्र नाही. भंगाराच्या वखारीत निवड करणारी बाई पिशवी चुरगाळून, तिच्या आवाजावरून प्रकार सांगते. १९७५ साली स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने ‘परिसर विकास’ उपक्रमातून कचरावेचक स्त्रियांना संघटित केले आहे. पाहणीचे काम प्रथम त्यांच्याकडे जावे, तेही मजुरीने नव्हे, जाणकाराच्या मानधनाने. प्रयोगशाळेने त्यांचे निष्कर्ष पडताळावेत.

शिवाय तेल काढून ते जाळलेच, तर चक्र पूर्ण कोठे झाले? केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्लास्टिकचे तेल करणे हे पुनर्चक्रणात न धरता अंतिम विल्हेवाटीत धरले आहे. तो भेद आपणही पाळावा. घाटकोपरचा भंगारवाला स्वच्छ दुधाची पिशवी पैसे मोजून घेतो आणि ती वितळून तिचे दाणे होतात. तीच पिशवी भट्टीने पळविली, तर वेचणारीची भाकरी जाईल आणि चांगला माल हलक्या कामी लागेल. भट्टीचा घास म्हणजे आज कोणीच न विचारलेली मळकी पातळ पिशवी, वेफर्सचे थरांचे पाकीट. हा घास सर्वांत अवघड आहे, हे निविदा भरणाऱ्यांनाही ठाऊक असते. म्हणून त्यांचे लक्ष स्वच्छ मालाकडे वळते.

तेव्हा महापालिकेने असा कोणताही प्रकल्प मंजूर करण्यापूर्वी या चार उपनगरांत, पावसाळा धरून, वर्षभर कचऱ्याची पाहणी करावी, तिचे आकडे मराठीत प्रसिद्ध करावेत, आणि वेचकांना विकता येणारे प्लास्टिक भट्टीला देणार नाही, अशी अट करारातच घालावी.