काळ्या टी-शर्टाचा ताळेबंद

बँकेच्या नोकरीत मी माणसं पारखायला शिकलो, असा माझा समज होता. कर्ज मागायला आलेल्याची चप्पल, सही आणि नजर पाहून मी मनातल्या मनात निर्णय देऊन टाकत असे. घरात मात्र हा हिशेब साफ चुकला. कवटीचं चित्र असलेला काळा टी-शर्ट घालून मुलगा खोलीचं दार लावून घेई आणि आतून लोखंडी पिंपं जिन्यावरून गडगडावीत तसा आवाज येई. ‘याला संगीत म्हणायचं?’ हा प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारला. तो प्रश्न नव्हताच, निकाल होता.

परवा त्यानंच मला ‘मेटल : अ हेडबँगर्स जर्नी’ हा २००५ सालचा माहितीपट दाखवला. सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडन हे तो करणाऱ्यांपैकी दोघे. कॅनडातल्या टोरांटोची त्यांची ‘बँगर फिल्म्स’ ही कंपनी हेवी मेटलवरच्या माहितीपटांसाठी ओळखली जाते. डन मानववंशशास्त्र शिकलेला. ग्वाटेमालाच्या निर्वासितांचा त्यानं अभ्यास केला होता. पुढे तीच शिस्त त्यानं आपल्या लहानपणापासूनच्या वेडाला लावली.

चाहत्यानं काढलेला चित्रपट म्हणजे आरती ओवाळणं, असं मला वाटलं होतं. तसं झालेलं नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत काही मेटलवाल्यांनी चर्च जाळली. डन तिथं जातो, आणि त्या जाळपोळीचं उघड समर्थन करणारा गायकही आपल्याला दाखवतो. जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू मांडणारा हिशेबनीस मला नेहमीच भरवशाचा वाटत आला आहे.

या संगीताचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. ‘ब्लॅक सॅबथ’चा टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पुढे गिटारच्या तारा सैल केल्या, आणि त्यातून तो जड, खोल आवाज घडत गेला. मी ज्याला पिंपांचा गडगडाट म्हणत होतो, त्यामागे एका कामगार पोराची जिद्द होती.

मग आम्ही याच मंडळींचा २००९चा ‘आयर्न मेडन : फ्लाइट ६६६’ पाहिला. बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवतो आणि दौरा सुरू होतो तो आपल्या मुंबईत, १ फेब्रुवारी २००८ला, वांद्रे-कुर्ला संकुलात. पडद्यावर काळ्या टी-शर्टांचा समुद्र उसळत होता.

‘त्या गर्दीत मी होतो, बाबा,’ मुलगा म्हणाला.

त्या रात्री तो मित्राच्या बहिणीच्या लग्नाला गेला आहे, अशी माझ्याकडे नोंद होती. खोटं त्यानं सांगितलं हे खरं. पण खरं सांगण्याची सोय मी ठेवली होती का?

प्रत्येक घरात असं एक बंद दार असतं. आत कुठे गिटार असेल, कुठे बेंजो पार्टीची तालीम. आवडलंच पाहिजे असं नाही. मला आजही त्यातलं सगळं आवडत नाही. पण निकाल देण्याआधी चौकशी करावी, हा बँकेतला साधा नियम. परक्या माणसाच्या बाबतीत मी तो पाळला. पोटच्या पोराच्या बाबतीत पाळायला मात्र सतरा वर्षं उशीर झाला.