शा.शि.च्या तासावर डल्ला

दहावीच्या वर्गाचं वेळापत्रक जूनमध्ये भिंतीवर चिकटवलं जातं, तेव्हा त्यात ‘शा.शि.’ ही अक्षरं असतात. दिवाळीनंतरही ती तिथंच असतात, फक्त त्या तासाला खडू घेऊन गणिताचे सर आलेले असतात. पोर्शन राहिलाय, प्रिलिम तोंडावर आलीय, मैदान कुठं पळून जातंय का? मुलं थोडी कुरकुरतात, पालकांना तर बरंच वाटतं. शारीरिक शिक्षण पडला श्रेणीचा विषय, टक्क्यांत न धरला जाणारा. श्रेणी काय, मैदानावर पाऊल न ठेवताही मिळते. ही उचलेगिरी इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कोणी उचलेगिरी म्हणतच नाही.

तिच्या बाजूने जे बोललं जातं ते आधी धडपणे मांडू या. दिवसाचे तास ठरलेले. चाळीस मिनिटं धावण्यात घालवली तर चाळीस मिनिटांची गणितं कमी सुटणार. दमलेलं मूल संध्याकाळी पुस्तकावर पेंगणार. प्रवेशाच्या यादीत एकेका गुणासाठी मारामारी आहे, तिथे ही चैन परवडत नाही. आणि शेवटी एक ठेवणीतला टोला: खेळणारी मुलं वेगळी नि शिकणारी वेगळी, आमच्या शाळेतला पहिला आलेला मुलगा कधी मैदानावर दिसलाच नव्हता.

हा हिशेब बिनतोड वाटतो, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: बाकावरची मिनिटं वाढली की शिकणंही त्याच मापात वाढतं. हे कोणी तपासलं आहे का? आहे. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात, त्र्वा-रिव्हिएर भागात, 1970 च्या दशकात प्राथमिक शाळांतल्या काही वर्गांना रोज तासभर शारीरिक शिक्षण देण्यात आलं. हा तास आकाशातून पडला नाही. इतर विषयांच्या वेळेतून जवळपास 13 ते 14 टक्के वेळ काढून तो दिला गेला. आपल्याकडच्या हिशेबाप्रमाणे ही मुलं अभ्यासात तेवढीच मागे पडायला हवी होती. ती पडली नाहीत. पहिल्या इयत्तेनंतर उलट ती किंचित पुढेच राहिली.

ही लहान मुलं होती, दहावीचं तसं नसतं, असं कोणी म्हणेल. म्हणणं रास्त आहे, म्हणून पंधरा ते अठरा या वयाकडे येऊ. स्वीडनमध्ये सक्तीच्या लष्करी भरतीसाठी अठराव्या वर्षी मुलांची तपासणी होत असे. 1950 ते 1976 या काळात जन्मलेल्या सुमारे 12 लाख तरुणांच्या त्या नोंदी गोथेनबर्गच्या संशोधकांनी अभ्यासल्या आणि 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या तपासणीत मुलाला जागच्या जागी चालवायच्या सायकलवर बसवत, पॅडलचा जोर वाढवत नेत, तो थकून थांबेपर्यंत. यावरून त्याचा दमसास कळे. स्नायूंची ताकद वेगळी मोजत, आणि तर्क, भाषा, आकृत्या व तांत्रिक समज यांची बुद्धिचाचणी वेगळी घेत. ज्यांचा दमसास चांगला, त्यांचे बुद्धिचाचणीतले गुणही जास्त. स्नायूंच्या ताकदीचा मात्र बुद्धीशी म्हणण्यासारखा संबंध दिसला नाही. ज्यांचा दमसास पंधरा ते अठरा या वर्षांत वाढला होता, त्यांची कामगिरी तो घटलेल्यांपेक्षा सरस होती. म्हणजे ऐन दहावी-बारावीची वर्षं, ज्या वर्षांत आपण मुलांना खुर्चीला बांधून ठेवतो.

यावर शहाणा वाचक लगेच म्हणेल की हे सगळं घरावर अवलंबून असणार. सुखवस्तू घरातलं मूल चांगलं खातं, पोहायला जातं आणि त्याला पुस्तकंही मिळतात. शंका अगदी योग्य आहे. त्या संशोधकांनाही ती सुचली होती, म्हणून त्यांनी भावाभावांची आणि जुळ्यांचीही तुलना केली. एकाच घरात वाढलेल्या, सारखंच आनुवंशिक भांडवल असलेल्या एकरूप जुळ्यांमध्येसुद्धा हा संबंध टिकून राहिला. तरीही एक उणीव राहतेच. भरती मुलांचीच होई, त्यामुळे त्या 12 लाखांत मुलगी एकही नाही.

आता मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे, कारण मैदानाचं नुकसान त्यांनीही कमी केलेलं नाही. ‘धावा आणि टक्के वाढवा’ असं सांगणारे व्याख्याते गावोगावी आहेत. त्यांचं आवडतं उदाहरण अमेरिकेतलं नेपरव्हिलचं. शिकागोजवळच्या या गावात शाळा सुरू होण्याआधी मुलांना धावायला लावण्याचा प्रयोग झाला, आणि 1999 च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तिथली मुलं विज्ञानात जगात पहिली, गणितात सहावी आली. ऐकायला झकास आहे. पण नेपरव्हिल हे सुशिक्षित, सधन लोकांचं गाव. तिथली मुलं न धावताही बऱ्यापैकी वर आली असती. या आकड्यावरून व्यायामाच्या पदरात नेमकं किती टाकायचं, हे ठरवता येत नाही.

घरचं उदाहरण म्हणून टिळक हजर असतातच. डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांनी पहिलं वर्ष तालीम, कुस्ती, पोहणं यांत घालवलं आणि प्रकृती कमावली, ही गोष्ट खरी. पण पुढचा भाग हे व्याख्याते हळूच गाळतात. अभ्यासाच्या दृष्टीने ते वर्ष टिळकांचं वाया गेलं होतं. पुढे ते गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले ते खरंच, पण ते तालमीमुळे की टिळक असल्यामुळे, हे कोण सांगणार? एका थोर माणसाच्या चरित्रातून शाळेचं वेळापत्रक ठरवू नये. मैदानावर न दिसलेल्या त्या पहिल्या आलेल्या मुलावरूनही ठरवू नये, ते याच कारणासाठी.

आणि फसलेले प्रयोगही झाकून ठेवायचं कारण नाही. इंग्लंडमध्ये ‘फिट टू स्टडी’ नावाचा मोठा प्रयोग झाला. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या शारीरिक शिक्षणाच्या तासात जोरकस हालचाल वाढवायची, आणि वर्षभराने काय फरक पडला ते बघायचं. 2021 मध्ये निष्कर्ष आले. आकलनात फरक नाही. विरोधकांना हे वाक्य पुरेसं आहे, ते इथेच थांबतील. पण त्याच निष्कर्षात असंही आहे की मुलांचा दमसासही वाढला नाही. ज्या व्यायामाने दम वाढला नाही त्याने डोकं तल्लख झालं नाही, यात व्यायामाचा पराभव कुठे आला? कागदावर असलेला व्यायाम मैदानावर पोचला नाही, एवढंच त्यातून दिसतं. ‘शा.शि.’चं आपल्याकडे जे होतं, त्याचीच ही जरा शिस्तीतली आवृत्ती.

जिथे दम खरोखर वाढवला तिथे काय दिसलं? इलिनॉयमध्ये 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सात ते नऊ वयाच्या 221 मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला नऊ महिने, शाळा सुटल्यावर, भरपूर पळापळीचे खेळ दिले. त्यांचा दमसास वाढला, आणि लक्ष ताब्यात ठेवण्याच्या चाचण्यांत ती दुसऱ्या गटापेक्षा पुढे गेली. अशा चाचण्यांतली एक नेहमीची चाचणी अशी: संगणकाच्या पडद्यावर एका ओळीत पाच बाण उमटतात. मधला बाण कुठल्या दिशेला आहे तेवढंच पाहून बटण दाबायचं. कधी पाचही बाण उजवीकडे असतात, ते सोपं. कधी कडेचे चार उजवीकडे आणि मधला एकटा डावीकडे. तेव्हा हात उजव्या बटणाकडे धावतो, त्याला क्षणभर आवरावं लागतं. हे आवरणं म्हणजेच प्रश्न पूर्ण वाचण्याआधी उत्तर लिहायला न धावणं. ‘खालीलपैकी कोणते विधान चूक आहे’ यातला ‘चूक’ हा शब्द न गाळणं. दहावीचा कुठलाही परीक्षक सांगेल की मुलांचे गुण अज्ञानाने जातात त्याहून कितीतरी अधिक या घाईने जातात.

मेंदूचा जो पुढचा भाग हे आवरण्याचं काम करतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. स्मरणाशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग चांगला दम असलेल्या पौगंडावस्थेतल्या मुलांत आकाराने मोठा आढळला आहे. रक्तपुरवठा सुधारतो, चेतापेशींच्या वाढीला पोषक द्रव्यं वाढतात, असं सांगितलं जातं. यंत्रणेचा हा भाग अजून पुरता उलगडलेला नाही आणि त्याच्या रंगीत चित्रांवर मी फार विसंबणार नाही.

माझं म्हणणं यापेक्षा साधं आहे. मैदानाच्या बाजूचा पुरावा मध्यम आहे: लहान मुलांत बरा, किशोरांत मुख्यतः संबंध दाखवणारा, काही ठिकाणी निराश करणारा. मान्य. पण तास कापणाऱ्यांच्या बाजूला काय आहे? मैदान काढून घेतल्याने गुण वाढले, असं दाखवणारा एक तरी धड अभ्यास त्यांनी पुढे करावा. आजवर पुरावा नेहमी मैदानाकडेच मागितला गेला. मुलाच्या वाटणीचा तास उचलणाऱ्याला कोणी विचारलंच नाही.

अर्थात वाचवायचा तो तास कसला, हेही पाहिलं पाहिजे. सावधान-विश्राम करून, गोळाफेकीच्या रांगेत उभं राहून आणि क्रिकेटमध्ये सीमारेषेजवळ गवत उपटत बसून कोणाचा दम वाढत नाही. खो-खोत वाढतो, कबड्डीत वाढतो, साध्या पाठशिवणीत वाढतो. बायसेप्स फुगवणाऱ्या जिममध्ये किती वाढेल, शंका आहे, आणि हल्ली अकरावीतल्या पोरांना ‘फिटनेस’ म्हटलं की जिमच आठवतं. पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर धावणारी मुलं या बाबतीत त्यांच्यापेक्षा शहाणी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे या वयाला रोज सरासरी साठ मिनिटं हालचाल हवी. 2016 च्या आकड्यांनुसार 11 ते 17 वयाच्या भारतीय मुलांपैकी जवळपास चारातली तीन तेवढी करत नव्हती. जगभरात या बाबतीत मुली मुलांच्या मागे आहेत, आणि आपल्याकडे आठवीनंतर मैदानावर मुली किती उरतात ते कुठल्याही शाळेच्या कुंपणाशी उभं राहून मोजता येईल. ‘संध्याकाळी खेळतील की’ हे उत्तर तर कोणी देऊच नये. संध्याकाळ क्लासला विकून झाली आहे.

मैदान नाही, ही सबब शहरी शाळा पुढे करतात. वीस मीटरची मोकळी जागा तरी असेल? तेवढ्यात दम मोजताही येतो. दोन रेघा आखायच्या, ध्वनिफितीच्या ‘बीप’बरोबर एकीवरून दुसरीपर्यंत पळायचं, ताशी साडेआठ किलोमीटरने सुरुवात, दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो, बीपच्या आत पोचता आलं नाही की थांबायचं. जूनमध्ये एकदा मोजा, प्रिलिमच्या आधी पुन्हा मोजा, आणि तो आकडा गुणपत्रिकेशेजारी लिहून पालकसभेत ठेवा. तास कापूनही मुलं अभ्यासात पुढे गेली असतील तर त्या दोन रकान्यांत ते दिसेल. कापण्याचा प्रयोग तर शाळा वर्षानुवर्षं करतच आहेत, निकाल मात्र आजवर कोणी लावलेला नाही.