महालक्ष्म्यांच्या आराशीला कागदाची फुले हवीत

महालक्ष्म्या जवळ आल्या की नांदेड-लातूरच्या बाजारात प्लॅस्टिकच्या फुलांचे ढीग लागतात. केंद्राने १ जुलै २०२२ पासून ज्या एकल वापराच्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली, त्यांत सजावटीचे थर्माकोल होते. प्लॅस्टिकची फुले मात्र सुटली. २०२५च्या पावसाळी अधिवेशनात राज्य सरकारने त्यांच्यावरही बंदी आणण्याचे जाहीर केले. फूल उत्पादकांची या बंदीची मागणी रास्तच आहे. पण आराशीतली त्या फुलांची जागा भरणार कशाने, याची चर्चा होत नाही. ती हातकागदाच्या, जलरंगाने रंगवलेल्या फुलांनी भरावी आणि हे काम याच दोन जिल्ह्यांनी हाती घ्यावे, असे माझे मत आहे.

हातकागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासून बनतो आणि सुताची इथे परंपरा आहे. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत शिवले जाणारे राष्ट्रध्वज देशभर जातात. त्यांचे कापड उदगीरला विणतात. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तर शतकानुशतके हाताने कागद तयार झाला. शिंप्यांकडच्या सुती कातरणांना याहून चांगला उपयोग कोणता? शिवाय कापसाचा तंतू लांब असल्याने हा कागद ओला झाला तरी लगेच फाटत नाही आणि जलरंगाला नेमके तेच लागते. पळसाचे फूल घ्या. कापलेली पाकळी आधी पाण्याने भिजवायची, पिवळ्याचा पातळ हात द्यायचा आणि तो ओला असतानाच देठाकडून शेंदरी सोडायचा. पाण्याबरोबर रंग आपणच सरकतो, कुठे दाटतो, कुठे विरतो. वाळताना कडेला गडद रेघ धरतो. मग कात्रीच्या पात्यावरून ओढली की पाकळी बाक घेते. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांना जलरंगाचा हा हात ठाऊक असतो. तरी शाळाशाळांत गुलाबच होतात आणि किनवट-माहूरच्या रानात फाल्गुनात पेटणारा पळस कागदावर क्वचितच उतरतो, याचे वाईट वाटते.

कागदी फुलेही कृत्रिमच, मग झेंडूवाल्या शेतकऱ्याचे काय, असे कोणी विचारील. पूजेला आणि तोरणाला ताजे फूलच लागते, तिथे कागदाने जाऊ नये. पण २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे दर सणाची सगळी आरास ओलिताच्या फुलांनी व्हावी, हा आग्रह परवडणारा नाही. किमतीचा आक्षेप मात्र खरा आहे. हाताचे फूल साच्यातल्या फुलाइतके स्वस्त होणार नाही आणि पावसात त्याचा रंग ओघळणार, म्हणून उघड्या मांडवाला ते चालायचे नाही. घरातल्या आराशीला मात्र चालते. कोरड्या डब्यात ठेवले तर पुढच्या वर्षीही निघते. प्लॅस्टिकचे फूलही टिकते, पण विटल्यावर तार, कापड आणि प्लॅस्टिक एकत्र असलेला तो गुंता भंगारवालाही उचलत नाही. कागदाच्या फुलाला तारेऐवजी बांबूची काडी लावली तर मागे काही उरत नाही.

अडचण वेळेची आहे. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मागणी आली तर ही फुले करणारा कोणताही बचत गट ती पुरी करू शकणार नाही. वैशाखात शेतीची कामे थंडावलेली असतात, रंगही झटपट वाळतो. मंगल कार्यालयांनी आणि सजावटवाल्यांनी तेव्हाच मागणी नोंदवावी, कागदाचे पैसे आगाऊ द्यावेत.