कॉम्प्युटर हँग होतोय? लगेच ‘फॉरमॅट’ मारू नका!

वाशीम असो की रिसोड, घरचा कॉम्प्युटर अडकू लागला की सल्ला ठरलेला: ‘व्हायरस असेल, फॉरमॅट मारून घ्या.’ हा सल्ला घाईचा आहे. दोष हार्ड डिस्कचा असेल तर फॉरमॅटने तो जात नाही; मुलांचे फोटो आणि शिष्यवृत्तीची कागदपत्रं मात्र जातात.

आधी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. मेमरी सतत ९० टक्क्यांवर असेल तर रॅम अपुरी आहे. ४ जीबीवर विंडोज ११ सुरू होतं, पण क्रोमचे दहा टॅब उघडले की संपलं!

काहीच काम सुरू नसताना डिस्क १०० टक्के दिसते? (सुरुवातीची दहा मिनिटं सोडा, तेव्हा अपडेट चालू असतात.) मग संशय हार्ड डिस्कवर. खराब भाग वाचता आला नाही की ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, तोवर स्क्रीन गोठते. टकटक आवाज येत असेल तर बाकी सगळं सोडून आधी डेटा पेन ड्राइव्हवर काढा.

फक्त उन्हाळ्यात दुपारीच अडकत असेल तर कॅबिनेटमधली धूळ आणि पंखा तपासा; तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

दुकानात नेण्याआधी टास्क मॅनेजरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.